बेटावरचं लोखंड सिटीपर्यंत कसं आणायचं: सिव्हिलायझेशन ४ मधली साखळी, टाइल बाय टाइल

परवा रात्री साडेअकराला उदगीरहून मामेभावाचा फोन. "दादा, झोपलास का? लोखंड दिसायलंय, बेट आपल्याच बॉर्डरमध्ये हाय, खाण बी बांधली, रोड बी टाकला, पन सोर्ड्समन काही बनंना. गेम खराब झाली का काय?" म्हणलं आधी स्क्रीनचा फोटो पाठव, मग बोलू.

फोटो आला. किनाऱ्यावर त्याची सिटी, सिटीच्या पुढं एक टाइल (मॅपचा एक चौकोन) पाणी, आणि त्याच्या पलीकडं तीन टाइलांचं छोटंसं बेट. त्यातल्या टेकडीच्या टाइलवर लोखंड, त्यावर खाण, खाणीतून रोडचा तपकिरी तुकडा बाहेर आलेला आणि पुढं कुठंच न गेलेला. बॉर्डरची रेघ बेटाच्या बाहेरून गोल फिरलेली. म्हणजे पोरानं जवळपास सगळं बरोबर केलं होतं, आणि तरी सिटीच्या स्क्रीनवर रिसोर्सच्या यादीत लोखंड नव्हतं, आणि लोखंडाशिवाय सोर्ड्समन (तलवारवाला सैनिक) बनत नाही. ह्याच एका जागी मी कितीतरी लोकांना अडकलेलं पाहिलंय, मी स्वतः पण अडकलोय, म्हणून म्हणलं एकदा नीट बसून सगळं लिहूनच काढावं.

आधी एक सांगतो. मी हे सिव्हिलायझेशन ४ ह्या पाळीपाळीनं (एक पाळी म्हणजे एक टर्न) खेळायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल लिहायलोय, २००५ ला आलेली, आणि त्यातही २००७ च्या बियॉन्ड द सोर्ड ह्या एक्सपान्शनबद्दल, कारण खाली फोर्टचा (वर्करनं बांधायच्या किल्ल्याचा) जो नियम सांगणारे तो त्याच्यातच आहे. साधी मूळ गेम किंवा २००६ चं वॉरलॉर्ड्स खेळत असाल तर फोर्टचं आणि जिथं बियॉन्ड द सोर्ड असं म्हणलंय ते सोडून बाकी बहुतेक लागू आहे. सिव्ह ३ वाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय. सिव्ह ४ नंतरच्या भागांमध्ये हा हिशोब बराच बदललाय, तिकडच्या सवयी इकडं आणू नका.

मुळात कनेक्ट होणं म्हणजे काय

आपल्या लातूरकरांना हे समजायला फार वेळ लागू नये. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. आता बघा, कृष्णेत पाणी आधीपासून होतंच की. मिरज-लातूर रूळ पण होते. तरी पाणी आपोआप लातूरला आलं का? नाही. मिरजेला ते पाणी वाघिणीत भरायची सोय लागली, लातूरला स्टेशनजवळच्या विहिरीत ते उतरवायची सोय लागली, तिथून पुढं शुद्धीकरणाला, मग टँकर, मग आपली घागर. मधली एक कडी नसती तर नदी तिकडं आणि आपण इकडं.

गेममध्ये अगदी असंच आहे. रिसोर्सच्या टाइलपासून सिटीच्या टाइलपर्यंत एक सलग साखळी लागते, प्रत्येक टाइल पुढच्या टाइलला जोडलेली पाहिजे. जमिनीवर ती साखळी रोडची असते (किंवा नदीची), पाण्यावर ती समुद्राची असते, आणि जिथं जमीन संपून पाणी सुरू होतं तिथं माल चढवायची-उतरवायची जागा लागते. मामेभावाकडं खाण होती, रोड होता, समुद्र होता. चढवायची जागा नव्हती. बेट समुद्राला चिकटलेलं आहे म्हणून माल आपोआप पाण्यात उतरत नाही, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: रिसोर्स दिसतोय का, आणि तो कुणाच्या बॉर्डरमध्ये आहे

कंट्रोल आणि आर दाबलं की मॅपवर रिसोर्सचे फुगे दिसतात, कंट्रोल टी ने टाइलांच्या चौकटी दिसतात. बेटांचं काम करताना दोन्ही चालू ठेवा, चौकटींशिवाय टाइल मोजता येत नाहीत आणि इथं एका टाइलनं पण फरक पडतो.

काही रिसोर्स टेक्नॉलॉजी आल्याशिवाय दिसतच नाहीत. तांबं ब्रॉन्झ वर्किंगनं, घोडे अ‍ॅनिमल हजबंड्रीनं, लोखंड आयर्न वर्किंगनं, कोळसा स्टीम पॉवरनं, तेल सायंटिफिक मेथडनं. म्हणून सुरुवातीला जे बेट रिकामं म्हणून सोडलं ते दीडशे टर्ननंतर कोळशाचं निघू शकतं. प्रत्येक नवी टेक आली की एकदा सगळा समुद्र फिरून बघायची सवय लावा, दोन मिनिटं लागतात.

मग बॉर्डर. रिसोर्सची टाइल तुमच्या कल्चर बॉर्डरच्या (सिटीच्या कल्चरनं ठरणाऱ्या हद्दीच्या) आत पाहिजेच, ह्याला काही पळवाट नाही. बॉर्डरबाहेर तुम्ही रोड टाकू शकता, फोर्ट पण बांधू शकता, पण त्यानं रिसोर्स तुमचा होत नाही. मात्र एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे रिसोर्स सिटीच्या २१ टाइलच्या कामाच्या परिघात असायची गरज नाही. नुसता बॉर्डरमध्ये असला तरी पुरे. परिघात असला तर सिटीचा माणूस तिथं काम करून हातोडे (म्हणजे उत्पादन) आणि धान्य आणतो तो वेगळा फायदा.

इथून दोन रस्ते फुटतात. बेट जवळ असेल तर किनाऱ्यावरच्या सिटीचं कल्चर वाढवून बॉर्डर बेटापर्यंत नेता येते. नॉर्मल स्पीडला नवीन सिटीची बॉर्डर आजूबाजूच्या ८ टाइल असते, १० कल्चर झालं की एक घेर वाढतो, १०० झालं की अजून एक, मग थेट ५०० ला. मॉन्युमेंट बांधलं की टर्नला १ कल्चर, म्हणजे पहिला घेर १० टर्नमध्ये. लायब्ररी टर्नला २ देते. क्रिएटिव्ह लीडर असेल तर त्याला टर्नला २ फुकटच मिळतात, अशा लीडरला जवळची बेटं नुसती बसल्या बसल्या मिळतात.

बेट लांब असेल तर सेटलर (नवी सिटी वसवणारं युनिट) पाठवून तिथंच सिटी. ह्यात एक खड्डा आहे. मॉन्युमेंट अ‍ॅस्ट्रॉनॉमी आल्यावर बाद होतं, आणि लांबच्या बेटांवर आपण बहुतेक वेळा अ‍ॅस्ट्रॉनॉमीनंतरच जातो. म्हणजे ज्या बिल्डिंगच्या भरवशावर तुम्ही दोन टाइल लांबचं लोखंड धरायचं ठरवलं ती बिल्डिंगच बांधायला मिळत नाही, मग लायब्ररी किंवा थिएटर बांधत बसावं लागतं आणि नव्या सिटीत हातोडे असतात एक नाहीतर दोन. म्हणून उशिराच्या बेटावर सिटी रिसोर्सला चिकटून बसवा, पहिल्या घेरातच रिसोर्स आला पाहिजे. किंवा सरळ रिसोर्सच्या डोक्यावरच सिटी बसवा. सिटी ज्या टाइलवर बसते तिथला रिसोर्स आपोआप जोडला जातो, ना वर्कर लागतो ना रोड, फक्त त्या रिसोर्सची टेक तुमच्याकडं पाहिजे (मसाले, साखर, रेशीम असल्या गोष्टींना कॅलेंडर, खाणीच्या गोष्टींना मायनिंग). एका टाइलच्या बेटावर तर दुसरा पर्यायच नसतो, आणि मला विचाराल तर घाईच्या वेळी मोठ्या बेटावर पण हाच बरा.

पायरी २: इम्प्रूव्हमेंट आणि वर्करची ने-आण

प्रत्येक रिसोर्सला त्याची त्याची इम्प्रूव्हमेंट (टाइलवरचं बांधकाम) लागते. लोखंड, तांबं, कोळसा, सोनं, चांदी, हिरे ह्यांना खाण. घोडे, गाय, मेंढी, डुक्कर ह्यांना पाश्चर. हस्तिदंत, हरीण, फर ह्यांना कॅम्प. संगमरवर आणि दगडाला क्वॉरी. गहू, मका, तांदळाला शेत. मसाले, रंग, साखर, रेशीम, धूप, केळी ह्यांना प्लांटेशन. चुकीची बांधली तर टाइलचं उत्पन्न वाढेल पण रिसोर्स मिळणार नाही.

मासे, खेकडे, शिंपले ह्यांची भानगड वेगळी आणि सोपी आहे. त्यांना वर्कर नाही, वर्क बोट लागते, बोट तिथं नेऊन जाळं टाकलं की बोट खर्ची पडते आणि काम संपतं. टाइल आधीच पाण्यात आहे, त्यामुळं चढवायचा-उतरवायचा प्रश्नच नाही. व्हेलला ऑप्टिक्स लागतं तेवढं लक्षात ठेवा.

वर्कर बेटावर न्यायला गॅली (सुरुवातीचं छोटं जहाज). सेलिंग टेकनं गॅली मिळते, तिच्यात २ युनिट बसतात. मी नेहमी एक वर्कर आणि एक लढणारा असे दोघं पाठवतो, कारण ज्या बेटावर कुणाची नजर नाही तिथं अंधारात बार्बेरियन (कुठल्याच देशाचे नसलेले लुटारू) उगवतात आणि एकटा वर्कर त्यांच्या आयता हाती लागतो. गॅली खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्याच्या फिकट निळ्या पाण्यातूनच चालते, फक्त तुमच्या बॉर्डरमधलं गडद पाणी तिला चालतं. उतरल्यावर त्या टर्नला वर्करची चाल संपते, काम पुढच्या टर्नपासून, हे धरून हिशोब करा.

आणि एक कळकळीची सूचना. खाण झाली की लगेच वर्कर परत आणू नका! मामेभावानं तेच केलं होतं. खाण झाली, रोड झाला, गॅली परत गेली, मग कळलं की काम बाकी आहे, आणि तोपर्यंत वर्कर देशाच्या दुसऱ्या टोकाला जंगल तोडायला गेलेला. सिटीच्या यादीत रिसोर्स प्रत्यक्ष दिसेपर्यंत वर्कर बेटावरच बसवून ठेवायचा.

पायरी ३: रोड, तोही रिसोर्सच्या टाइलवरच

खाण झाली म्हणजे रोड झाला असं नाही. रिसोर्सच्या टाइलवर स्वतःचा रोड पाहिजे, आणि तिथून जोडणीच्या जागेपर्यंत मधल्या प्रत्येक टाइलवर रोड पाहिजे. तिरकं चालतं, त्यामुळं काटकोनात वळवून एक टाइल जास्तीची खर्च करू नका. रोड नसेल तर टाइलवर माउस नेला की तिथं 'रिक्वायर्स रूट' असं लिहून येतं. ते दिसलं की समजायचं, इथला माल जागचा हललेला नाही.

नदी असेल तर नदी रोडचं काम करते. रिसोर्स आणि सिटी एकाच नदीच्या काठावर असतील आणि ती नदी तुमच्या बॉर्डरमध्ये असेल तर रोड नसला तरी जोड होतो. बॉर्डरबाहेरच्या नदीसाठी सेलिंग लागतं. मोठ्या बेटावर ह्यानं वर्करच्या पाच-सात टर्न वाचतात.

पायरी ४: जमीन आणि पाण्याचा जोड (इथंच सगळे अडकतात)

आता मेन गोष्ट. जमिनीवरची साखळी पाण्यावर कुठं चढते?

पहिली जागा, किनाऱ्यावरची सिटी. सिव्ह ४ मध्ये किनाऱ्यावरची कुठलीही सिटी आपोआप बंदर असते. हार्बर नावाची बिल्डिंग आहे, पण ती जोडणीसाठी नाही, ती ट्रेड रूटचं उत्पन्न ५० टक्क्यांनी वाढवते आणि मासे-खेकडे-शिंपल्यांवर आरोग्य देते. सिव्ह ३ खेळून आलेले लोक बेटावरच्या नव्या सिटीत पहिलं काम म्हणून हार्बर लावतात आणि पन्नासएक टर्न वाया घालवतात, तसं करू नका.

दुसरी जागा, किनाऱ्यावरचा फोर्ट. बियॉन्ड द सोर्डमध्ये फोर्ट बऱ्याच बाबतीत सिटीसारखा वागतो. जहाजं त्याच्यात शिरू शकतात, म्हणून दोन समुद्रांच्या मधल्या एका टाइलच्या पट्टीवर फोर्ट बांधला की कालवा तयार होतो. आणि सिटीसारखाच तो जमिनीची साखळी पाण्याला जोडतो. फोर्टला मॅथेमॅटिक्स ही टेक लागते. टाइल खऱ्या समुद्राला लागून पाहिजे, बेटाच्या पोटातल्या तळ्याला लागून असून उपयोग नाही.

नदी समुद्राला मिळते तिथंही जोड होतो, पण लहान बेटांवर नद्या क्वचितच असतात, त्यामुळं तिच्या भरवशावर बसू नका.

फोर्टबद्दल दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या.

एक, फोर्ट रिसोर्सच्याच टाइलवर बांधला तर तो रिसोर्स पण मिळतो, वेगळी खाण किंवा प्लांटेशन लागत नाही (त्या इम्प्रूव्हमेंटची टेक मात्र पाहिजे). म्हणजे एका टाइलच्या बेटावर मसाला आहे, बेट तुमच्या बॉर्डरमध्ये आहे, कॅलेंडर आलंय, तर वर्कर न्या, फोर्ट बांधा, रोड टाका, झालं. सिटी बसवायची गरज नाही.

दोन, फोर्टच्या टाइलवर पण रोड टाकायलाच पाहिजे. सिटीच्या टाइलवर रोड आपोआप येतो, फोर्टच्या नाही. फोर्ट उभा दिसतो, झेंडा फडकतो, माणसाला वाटतं काम झालं, आणि रोड नसल्यामुळं ती टाइल नेटवर्कमध्येच नसते. फोर्टनंतर लगेच आर (रोडचं बटण) दाबा, काही टर्न जातील, पण विसरू नका. माझी स्वतःची एक अख्खी गेम ह्याच्यावर गेली होती. फोर्ट बांधून मी निवांत, समोरचा घोडेस्वार घेऊन आला आणि माझ्याकडं भाले बनवायला ना तांबं ना लोखंड, दोन्ही बेटावर पडून.

आता मामेभावाच्या बेटावर परत येऊ, कारण तिथं एक निवड करायची होती. लोखंडाच्या टाइलवर फोर्ट बांधला तर खाण मोडते, फोर्ट तिच्या जागी येतो. त्याचं बेट सिटीच्या २१ टाइलांत होतं, म्हणजे सिटीचा माणूस त्या खाणीवर काम करून चांगले हातोडे आणत होता, आणि किनाऱ्याच्या सिटीला तसेही हातोडे कमी असतात. खाण मोडणं म्हणजे चालू विहीर बुजवण्यासारखं. पण बेटावर अजून दोन टाइल रिकाम्या होत्या. त्याला म्हणलं, "खाणीला हात लावू नको. शेजारच्या गवताच्या टाइलवर फोर्ट बांध, तिथं रोड टाक. खाणीवर रोड आहेच. खाणीचा रोड फोर्टच्या रोडला लागला, फोर्ट समुद्राला लागला, समुद्र सिटीला लागला."

तर नियम असा धरा: रिसोर्स परिघात असेल आणि शेजारी रिकामी किनाऱ्याची टाइल असेल तर फोर्ट शेजारी. रिसोर्स परिघाबाहेर पण बॉर्डरमध्ये असेल तर फोर्ट रिसोर्सवरच, कारण तिथं तसंही कुणी काम करणार नाही.

पायरी ५: पाण्यावरचा रस्ता

पाण्याच्या टाइल पण एकमेकीला सलग जोडलेल्या पाहिजेत, आणि त्यांचे नियम असे आहेत.

तुमच्या बॉर्डरमधलं पाणी नेहमी चालतं, कुठलीही टेक नसली तरी. बॉर्डरबाहेरचं किनाऱ्याचं फिकट पाणी सेलिंगनंतर चालतं. बॉर्डरबाहेरचं खोल पाणी अ‍ॅस्ट्रॉनॉमीनंतर. म्हणजे तुमच्या बेटाच्या आणि सिटीच्या मधे गडद निळ्या पाण्याची एकच टाइल असली आणि ती बॉर्डरबाहेर असली, तरी अ‍ॅस्ट्रॉनॉमी येईपर्यंत साखळी तिथं तुटते. इथं चौकटी चालू ठेवल्याचा फायदा कळतो. अशा वेळी दोन उपाय. एक तर अ‍ॅस्ट्रॉनॉमीची वाट बघा, नाहीतर सिटीचं कल्चर वाढवून ती टाइल बॉर्डरमध्ये घ्या, की लगेच ती जोडली जाते. मी एकदा निव्वळ एका गडद टाइलसाठी किनाऱ्याच्या सिटीत लायब्ररी आणि थिएटर बांधलं होतं, आणि ज्या टर्नला घेर वाढला त्याच टर्नला देशभर हस्तिदंत आलं.

दुसरं, बॉर्डरबाहेरची टाइल तुम्ही पाहिलेली पाहिजे. मॅपवर जी टाइल अजून काळी आहे तिथून माल जात नाही. कधी कधी गॅली लांबच्या वळणानं गेलेली असते आणि सरळ रस्त्यातल्या एक-दोन टाइल काळ्याच राहिलेल्या असतात. सगळं बरोबर दिसतंय आणि तरी जोड नाही असं झालं तर किनाऱ्यालगत एक गॅली फिरवून आणा, फार वेळा तिथंच सापडतं.

ध्रुवाकडच्या बेटांना बर्फ आडवा येतो, बर्फाच्या टाइलमधून रस्ता जात नाही. आणि ज्याच्याशी युद्ध चालू आहे त्याच्या बॉर्डरमधलं पाणी पण चालत नाही. तुमच्या बेटाचा एकमेव रस्ता शेजाऱ्याच्या पाण्यातून जात असेल तर युद्ध जाहीर करायच्या आधी ह्याचा विचार करा, नाहीतर ज्या लोखंडावर सैन्य उभं करायचंय तेच पहिल्या टर्नला बंद.

पायरी ६: ह्या टोकाला उतरवणं

हे सोपं आहे पण विसरायला होतं. माल किनाऱ्याच्या सिटीत आला, पण तुमची राजधानी आत आहे, मधे चार टाइल, आणि रोड तीनच टाइलवर झालाय. मग किनाऱ्याची सिटी सोर्ड्समन बनवेल आणि राजधानी नाही बनवणार. पाण्याच्या रेल्वेचं सांगितलं ना, स्टेशनपर्यंत आलेलं पाणी गल्लीत पोचायला टँकर लागतोच. आतल्या सगळ्या सिट्या एकमेकींना रोडनं जोडून घ्या. एकदा नेटवर्क झालं की एकच लोखंड सगळ्या जोडलेल्या सिट्यांना पुरतं, दुसरं मिळालं तर ते दुसऱ्या देशाला विकता येतं.

जोड झाला का ते तपासायचं कसं

सिटीवर डबल क्लिक करा, स्क्रीनवर उजवीकडं वर रिसोर्सची यादी आहे, तिथं तो दिसला पाहिजे. एकाच सिटीत बघून थांबू नका, किनाऱ्याची एक, आतली एक, अशा दोन तरी बघा. किनाऱ्याच्या सिटीत आहे आणि आतल्या सिटीत नाही, तर जमिनीवरचा रोड तुटलाय. कुठंच नाही, तर बेटाकडं जा.

आणि शोधताना नेहमी रिसोर्सकडून सिटीकडं या, उलटं नाही. टाइल बॉर्डरमध्ये आहे? इम्प्रूव्हमेंट योग्य आहे? टाइलवर रोड आहे? रोड फोर्टला किंवा सिटीला लागलाय? फोर्टखाली रोड आहे? फोर्टच्या शेजारचं पाणी किनाऱ्याचं आहे की गडद? पुढची टाइल? त्याच्या पुढची? बोटानं स्क्रीनवर मोजत या. लाइनमन फॉल्ट शोधताना डीपीपासून एकेक खांब बघत येतो ना, तसं. गावात लाइट नाही म्हणून तो पहिल्यांदा घरातला बल्ब बदलत नाही.

सिव्ह ३ खेळणाऱ्यांसाठी

२००१ च्या सिव्ह ३ मध्ये वेगळं आहे. तिथं हार्बर बिल्डिंग खरोखरच जोडणीसाठी असते, आणि ती दोन्ही टोकांना लागते. बेटावरच्या सिटीत एक, मुख्य जमिनीवरच्या सिटीत एक. वर्कर खर्ची घालून बॉर्डरबाहेर कॉलनी बसवता येते, पण कॉलनीला हार्बर नसतं, म्हणून दुसऱ्या बेटावर नुसती कॉलनी काही कामाची नाही, तिथं हार्बरवाली सिटी आणि कॉलनीपासून तिच्यापर्यंत रोड लागतोच. मधलं 'सी' पाणी अ‍ॅस्ट्रॉनॉमीनंतर उघडतं. नंतरच्या काळात एअरपोर्टनं पण काम होतं.

जोडलेलं तुटू नये म्हणून

फोर्टमध्ये एक युनिट ठेवा. फोर्टमध्ये बचावाला २५ टक्के जास्त मिळतात, एक धनुर्धारी पुरतो. कुणी उतरून रोड नाहीतर फोर्ट लुटला की साखळी गेली, आणि ते तुम्हाला पाच टर्ननंतर कळतं, सिटीत यादी बदललेली दिसते तेव्हा. मासेमारीच्या जाळ्यांना बार्बेरियन गॅली फार त्रास देतात, म्हणून तिथं एक ट्रायरीम (लढाऊ जहाज) फिरती ठेवा.

प्रायव्हेटीअर (देश लपवून लुटणारं जहाज) आल्यावर वेगळीच डोकेदुखी. बियॉन्ड द सोर्डमध्ये जहाज ब्लॉकेड (नाकेबंदी) लावू शकतं आणि ब्लॉकेडमधलं पाणी नेटवर्कमधून कटतं. प्रायव्हेटीअरला तर युद्ध जाहीर करायची पण गरज नाही. शांततेच्या काळात अचानक बेटावरचं सगळं बंद पडलं तर किनाऱ्यावर कुणाचं काळं झेंडेवालं जहाज उभं आहे का बघा.

शेजाऱ्याचं कल्चर पण बघत राहा. बेटाजवळ त्यानं सिटी बसवून थिएटरं बांधायला सुरुवात केली तर टाइल हळूहळू त्याच्याकडं जाते, आणि टाइल गेली की त्यावरचा रिसोर्स पण त्याचाच. जिथं अशी स्पर्धा आहे तिथं लांबून कल्चर ताणण्यापेक्षा बेटावर स्वतःची सिटी पाहिजे.

सिटी बसवायची का फोर्ट

सिटीचा खर्च असतो. बियॉन्ड द सोर्डमध्ये समुद्रापलीकडच्या सिट्यांना कॉलनीचा वेगळा मेंटेनन्स लागतो आणि तिकडं जितक्या सिट्या वाढतील तितका तो वाढतो. एका केळीसाठी सिटी बसवणं मला पटत नाही. पण लोखंड, घोडे, कोळसा, तेल असेल तर बिनधास्त बसवा. आणि दुसरा फायदा असा की दुसऱ्या भूभागावरच्या सिटीशी होणारा ट्रेड रूट १०० टक्के जास्त देतो, त्यामुळं बेटावरची गरीब सिटी पण मुख्य जमिनीवरच्या सिट्यांचं उत्पन्न वाढवते. तुमच्याकडं ग्रेट लाइटहाउस हे वंडर असेल, म्हणजे किनाऱ्याच्या प्रत्येक सिटीला २ जादा ट्रेड रूट, तर मी कुठलंही बेट रिकामं सोडणार नाही. नसेल आणि बेट बॉर्डरमध्ये येत असेल तर फोर्ट.

मामेभावानं रात्रीच वर्कर परत बोलावला. गॅली फिरून बेटावर जायला चार टर्न, फोर्टला बऱ्याच टर्न गेल्या, तोपर्यंत तो मला दर टर्नला मेसेज टाकायला. "दादा फोर्ट झाला, यादीत नाही आलं." म्हणलं रोड. "हां रोड." मग पावणेएकला परत फोटो. सिटीची स्क्रीन, उजवीकडं यादीत लोखंड, आणि खाली बांधायच्या रांगेत एकाखाली एक सहा सोर्ड्समन लावलेले. मी लिहिलं, त्यातला पहिला गॅलीत घालून फोर्टमध्ये बसव, बाकीचे मग.

"पाठवायलो," म्हणाला.